पार्श्वभूमी : गुर्न्याची माती आणि वारशाशेजारच्या वास्तू

प्राचीन स्थळाजवळ सांस्कृतिक केंद्र उभारायचे ठरले की हल्ली आराखड्यात काही गोष्टी गृहीतच धरलेल्या असतात. माती जागेवरची, कारागीर आसपासचे, यंत्राविना गारवा आणि मूळ स्मारक झाकले जाणार नाही इतकीच उंची. अफगाणिस्तानात बामियानच्या बुद्धमूर्ती 2001 मध्ये उडवल्या गेल्या. तिथल्या केंद्रासाठी युनेस्कोने घेतलेली स्पर्धा 2015 मध्ये अर्जेंटिनाच्या संघाने जिंकली, तीही बरीचशी जमिनीत दडवलेली रचना मांडून. या विचाराचे मूळ शोधत गेले तर वाट 1940च्या दशकातल्या इजिप्तमध्ये पोचते, नाईलच्या पश्चिम काठावरच्या गुर्ना गावात. तिथे मात्र पर्यावरणाची काळजी कोणाच्याच डोक्यात नव्हती. निमित्त होते चोरीचे.

गुर्ना लक्सरच्या समोर. फारोंच्या काळातल्या सरदार-अधिकाऱ्यांच्या थडग्यांवर आणि थडग्यांना लागूनच वस्ती होती. सुमारे सात हजार माणसे, शेती जेमतेम. पुरातन वस्तूंचा चोरटा व्यापार हा अनेकांचा पोटापाण्याचा आधार. एका थडग्यातला कोरीव शिलापटच कापून नेला गेला, बोभाटा झाला आणि पुराणवस्तू खात्याने गावच हलवायचे ठरवले. खाली सपाटीवर सुमारे 50 एकर जमीन घेतली गेली आणि नव्या गावाचे काम हसन फतही या वास्तुविशारदाकडे आले.

फतहींच्या हाती त्या वेळी एक जुनी विद्या नव्याने लागली होती. महायुद्धामुळे लाकूड आणि पोलाद मिळेना, म्हणून त्यांनी मातीच्या विटांची कमानदार छते करून पाहिली, ती कोसळली. लाकडी साच्याशिवाय अशी छते बांधणारे न्युबियन, म्हणजे दक्षिण इजिप्तमधल्या न्युबिया भागातले, गवंडी त्यांना अस्वानजवळ भेटले. त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. आधी टोकाची भिंत उभी करायची आणि तिच्यावर कमानीचा पहिला थर किंचित रेलून बसवायचा. पुढचा प्रत्येक थर मागच्यावर टेकतो, त्यामुळे खालून आधार लागत नाही. विटा पातळ आणि हलक्या, त्यात काड जास्त; ओली असतानाच विटेवर बोटांनी तिरप्या रेघा ओढायच्या, म्हणजे चिखल घट्ट धरतो. हत्यार म्हणाल तर तासणी आणि हात. गंमत अशी की या पद्धतीचा एक फार जुना दाखला गुर्न्याच्या शेजारीच उभा होता. दुसऱ्या रामसेसच्या मंदिराला, म्हणजे रामेसियमला लागून असलेल्या धान्यकोठारांची मातीची छते तीन हजारांहून जास्त वर्षे टिकली आहेत. नव्या वास्तूने जुन्याकडून काय घ्यावे, याचे इतके सरळ उदाहरण दुसरे क्वचितच असेल. दर्शनी भागावर कमळे आणि पिरॅमिड चिकटवणाऱ्यांनी ही कोठारे जरूर पाहावीत.

1946 मध्ये काम सुरू झाले. मशीद, बाजार, शाळा, खान म्हणजे कारागिरांचा वाडा आणि एक खुले नाट्यगृह. मुलांच्या शाळेत वारा पकडणारे धुराडे होते. त्यात ओला कोळसा ठेवला की आतले तापमान 10 अंशांनी उतरते, अशी नोंद फतहींनीच केली आहे.

पण राहायला यायचे कोणी? उत्पन्नाच्या जागेवरून उठवले जात असलेल्या लोकांना घुमट कितीही सुबक असले तरी नको होते. बांध फोडून नव्या गावात पाणी सोडण्यापर्यंत प्रकरण गेले. सरकारी दिरंगाईही होतीच. 1948च्या सुमारास काम थांबले ते अर्ध्यावरच. घुमट ही घराची नव्हे, कबरीची खूण, असा गावकऱ्यांचा आक्षेप होता, असे पुढच्या अभ्यासकांनी लिहिले. तो खरा असेलही, पण माझ्या मते दोष घुमटात शोधणे सोयीचे होते. गाव हलवण्याचा निर्णय फतहींच्या आराखड्याआधीच झाला होता आणि त्यात गावाला कोणी विचारले नव्हते.

1970च्या दशकात तेलाचे भाव भडकले, मातीच्या घरांकडे जगाचे लक्ष गेले आणि गुर्ना वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे तीर्थक्षेत्र झाले. 1980 मध्ये फतहींना वास्तुकलेसाठीच्या आगाखान पुरस्कारांतला अध्यक्षीय सन्मान मिळाला. जुने गुर्ना मात्र तसेच राहिले होते. ते अखेर 2006 च्या डिसेंबरपासून पाडले गेले आणि लोक तिसऱ्याच ठिकाणी नेले गेले. फतहींच्या गावातली बरीच घरे एव्हाना भूजलाने, क्षारांनी आणि वाढत्या कुटुंबांच्या गरजांनी गिळली होती. युनेस्कोच्या पुढाकाराने दुरुस्ती झाली ती मुख्यतः सार्वजनिक इमारतींची.

आपल्याकडे अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी कर्जसाहाय्यातून उभे राहिलेले, लेण्यांच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र वीज-पाण्याची बिले थकल्याने बंद पडले होते. तिथे गवंड्यांच्या विद्येचा प्रश्नच आला नाही.

गुर्न्याची माती आणि गावाचा सहभाग यांची सांगड जरा बरी बसली ती दक्षिण आफ्रिकेत. लिंपोपो आणि शाशे नद्यांच्या संगमावरचे मापुंगुब्वे तेराव्या शतकातल्या एका राज्याची राजधानी होते. तिथल्या दफनातला सोन्याचा गेंडा 1930च्या दशकात सापडला. 2003 मध्ये स्थळ जागतिक वारसा यादीत आले. वास्तुविशारद पीटर रिच यांनी तिथे केंद्र रचले, त्याचे पातळ घुमट मायकेल रामेज आणि जॉन ओक्सेनडॉर्फ या रचनातज्ज्ञांनी गणिताने पक्के केले. पद्धत स्पेनमधल्या कातालोनियाची, माती तिथलीच, त्यात थोडे सिमेंट. दोन लाखांच्या आसपास फरश्या परिसरातल्या बेरोजगार माणसांनी दारिद्र्यनिवारण योजनेतून दाबून तयार केल्या आणि त्यांनीच घुमट बांधायला शिकून घेतले. 2009 मध्ये या वास्तूला जागतिक वास्तुमहोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याआधी, 2007 मध्ये, उत्खननात काढून विद्यापीठांत ठेवलेले मानवी अवशेष वंशजांच्या मागणीवरून मापुंगुब्वेतच पुन्हा पुरले गेले होते. गुर्न्यात थडग्यांपासून जिवंत माणसांना दूर नेले गेले. मापुंगुब्वेत जिवंत माणसांचा पूर्वजांवरचा हक्क आधी मान्य झाला, इमारत नंतर उभी राहिली.