बेघर निवारा आणि वस्तीतल्या बाजारपट्ट्याचा झोन (सोलापूर)

किराणा, मेडिकल, पिठाची गिरणी, झेरॉक्स असली रोजच्या गरजेची दुकानं असलेल्या वस्तीतल्या व्यापारी पट्ट्यात बेघर माणसांचा निवारा चालवता यावा म्हणून जमीन वापराच्या नियमात केलेला बदल. या नावानं हा विषय मुख्यतः अमेरिकन शहरांत चर्चेत आला. सोलापुरात हाच प्रश्न विकास आराखडा, वापर बदलाची परमिशन आणि मनपाच्या मालकीच्या जागा अशा तीन वेगळ्या टेबलांवर फिरतो, त्यामुळं त्याला एक सरळ नाव नाही.

झोनिंग, म्हणजे शहराचे भाग पाडून कुठल्या भागात काय बांधायचं आणि काय चालवायचं हे ठरवणं, नेमकं कुठं सुरू झालं यावर एकमत नाही. एक मत जर्मनीकडं जातं, फ्रँकफर्टमध्ये १८९१ च्या सुमारास शहराचे भाग पाडून प्रत्येक भागात किती दाट बांधायचं ते ठरवलं गेलं. दुसरं मत लॉस एंजलिसच्या १९०८ च्या आसपासच्या वटहुकमांना आणि न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमांना मान देतं. आणखी मागं जाणारे कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावाचा १८८५ चा नियम दाखवतात, त्यात चिनी लोकांच्या लाँड्र्या ठराविक भागातच ठेवल्या होत्या. उंची आणि दाटी मोजायची पद्धत जर्मन आणि कुणी कुठं राहायचं हे ठरवायची सवय अमेरिकन, असं धरलं तर बराचसा घोळ मिटतो, आणि निवाऱ्याच्या संदर्भात ही दुसरी सवयच महत्त्वाची आहे. १९२६ च्या युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं झोनिंगला मान्यता देताना बंगल्यांच्या भागात येणाऱ्या अपार्टमेंटला बांडगुळाच्या पंक्तीला बसवलं होतं, मग बेघरांच्या निवाऱ्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. निवारे गोदामांकडं, रेल्वे रुळांकडं ढकलले गेले. कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये कायदा करून प्रत्येक गावाला किमान एक झोन असा दाखवायला लावला की जिथं निवाऱ्याला खास परवानगी लागणार नाही, तर बऱ्याच गावांनी नेमका इंडस्ट्रियल पट्टाच दाखवला, म्हणून २०२२ मध्ये नियम घट्ट करून शक्यतो राहायला परवानगी असलेले झोनच दाखवायचे असं ठरलं. पोर्टलँडनं २०२१ मध्ये निवाऱ्यांसाठी बरेच झोन उघडले. सिएटलमध्ये वस्तीतल्या बाजाराचे एक, दोन, तीन असे वेगळे झोनच आहेत.

आपल्याकडं काहीजण १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून झोनिंग मोजतात. तो कायदा इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्यावर बेतलेला होता आणि त्याचा सगळा भर टी.पी. स्कीमवर, म्हणजे जमिनी एकत्र करून रस्ते काढायचे आणि प्लॉट पुन्हा पाडायचे यावर होता. शहरभराचा विकास आराखडा करणं १९५४ च्या कायद्यानं बंधनकारक झालं, तेव्हा १९५४ धरणं जास्त बरं. आज चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, आणि त्याखाली २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई आणि आणखी काही भाग सोडून राज्यभर तीच लागू, त्यामुळं सोलापूरलाही तीच.

या नियमावलीत रहिवासी झोनचे आर-१ आणि आर-२ असे दोन प्रकार रस्त्याच्या रुंदीवरून पडतात आणि व्यापारी झोन वेगळा असतो. रस्ता रुंद असला की रहिवासी पट्ट्यातही दुकानं, ऑफिसं, दवाखाने असं बरंच चालतं, म्हणजे अमेरिकेत ज्याला झगडून परवानगी घ्यावी लागते ते मिश्र वापराचं चित्र इथं आधीपासूनच आहे. सोलापूरच्या पेठांत तर कागदाची वाट कुणी बघितलीच नाही, साखर पेठ, अशोक चौक या बाजूला खाली यंत्रमाग, वर घर आणि रस्त्याला लागून दुकान हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यामुळं इथं निवारा झोनच्या तक्त्यात बसत नाही म्हणून अडतो हे म्हणणं फारसं टिकत नाही. तो धर्मशाळा, वसतिगृह किंवा सार्वजनिक इमारत अशा कुठल्या तरी सदराखाली बसवता येतो. अडतो तो इमारतीच्या वर्गात. राष्ट्रीय इमारत संहितेत एकाच कुटुंबातली नसलेली माणसं एका व्यवस्थापनाखाली एकत्र झोपतात अशी इमारत ए-३, म्हणजे डॉर्मिटरी वर्गात जाते. दुकानाचा गाळा व्यापारी वर्गात. एकातून दुसऱ्यात जायचं तर जिना, बाहेर पडायचे मार्ग, संडास-बाथरूमची संख्या, फायरची एनओसी हे सगळं नव्यानं बघावं लागतं.

झोनच बदलायचा ठरला तर १९६६ च्या अधिनियमाचं कलम ३७. मनपा राजपत्रात नोटीस काढते, हरकती-सूचनांना एक महिना, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना वेगळी नोटीस आणि सुनावणी, आणि नोटिशीपासून एक वर्षाच्या आत प्रस्ताव सरकारकडं. अट एकच पण भारी, बदलामुळं आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. एका गाळ्याच्या किंवा एका पट्ट्याच्या वापरानं मूळ स्वरूप बदलतं असं म्हणणं ओढूनताणून वाटतं, तरी हरकत घेणारे हाच मुद्दा पुढं करू शकतात. कलम ३७ मध्येच सरकारला स्वतःहून बदल करायचीही सोय आहे, यूडीसीपीआर त्याच वाटेनं आली. तिसरा रस्ता आरक्षणाचा, म्हणजे आराखड्यातच त्या कामासाठी जागा राखून ठेवायची. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्यात बेघर निवारा हे स्वतंत्र आरक्षण आहे, म्हणजे कल्पना राज्याला नवी नाही. पण आरक्षण टाकून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक त्याच अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देऊन ते सोडवून घेऊ शकतो, म्हणून नुसतं आरक्षण टाकणं हा तसा वरवरचा उपाय.

किती जागा लागते ते केंद्राच्या २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ठरलेलं होतं, एक लाख लोकसंख्येमागं १०० माणसांचा एक निवारा आणि माणशी किमान ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे नऊ-दहा निवारे आणि प्रत्येकी ५,००० चौरस फूट. एवढी जागा एका गाळ्यात मिळत नाही. मनपाच्या शॉपिंग सेंटरचा अख्खा मजला लागतो, आणि मनपाची मिळकत भाड्यानं द्यायची म्हटलं की १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ आणि बाजारभाव आला. मनपानं निवारा स्वतःच्या ताब्यात ठेवून संस्थेकडून चालवून घेतला तर हा फाटा बराचसा टळतो. त्याच अभियानात निवारा बेघरांच्या कामाच्या जवळ, स्टेशन, बस स्टँड, बाजार यांच्या आसपास असावा असंही म्हटलं होतं, आणि बाजारपट्ट्याचा आग्रह इथूनच येतो. हमाली, हॉटेलातलं काम, भंगार वेचणं हे सगळं पहाटे सुरू होतं, मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या उतरवणाऱ्याला हद्दवाढ भागातल्या लांबच्या निवाऱ्याचा काही उपयोग नाही.

रैन बसेरा, म्हणजे रात्रनिवारा, ही कल्पना दिल्लीच्या थंडीतून वर आली. जानेवारी २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या निवाऱ्यांबद्दल आदेश दिले ते कडाक्याच्या थंडीतच, नोव्हेंबर २०१६ मध्ये देशभरातल्या निवाऱ्यांची पाहणी करायला न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमली गेली. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो, इथं रात्रीपुरता निवारा अर्धाच उपयोगाचा, दुपारीही दार उघडं हवं. म्हणजे दुकानं चालू असताना माणसं आत-बाहेर करणार, आणि बाजारपट्ट्यातले व्यापारी हरकत घेणार ती यालाच, रात्रीला नाही.

या शहराला राहायची जागा ठरवून देण्याचा जुना अनुभव आहे आणि तो चांगला नाही. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथं तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, सेटलमेंट हे वस्तीचं नाव मात्र राहिलं. विडी कामगारांची कुंभारीची घरकुलं आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालेलं रे नगर हे कामगारांनी लढून मिळवलेलं, पण तेही शहराबाहेर. ती हक्काची घरं आहेत, निवारा नाही, आणि त्यांच्या यादीत नाव यायला हातात कागदपत्रं लागतात. अभियानाच्या निवाऱ्यांबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ओळखपत्र, रेशनकार्ड, मतदार यादी हे काढून द्यायचं काम निवारा चालवणाऱ्याकडंच दिलेलं होतं.