स्पॅनिश भाषकांत डिस्लेक्सिया नसतो?
स्पॅनिश जशी लिहितात तशीच वाचतात, म्हणून स्पेन-मेक्सिकोतल्या मुलांना डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, होत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. तिथे तो फक्त वेगळा दिसतो. मूल शब्द बहुतेक बरोबर वाचतं, पण फार हळू. त्यामुळे फक्त चुका शोधणाऱ्या शिक्षकाच्या नजरेतून सुटतं. लिहिताना मात्र अडतं, कारण 'बी' आणि 'व्ही'चा उच्चार तिथे एकच, 'एच' तर मुकाच! २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांचे मेंदू तपासले गेले. डिस्लेक्सिया असलेल्या तिन्ही गटांत डाव्या मेंदूचा तोच भाग कमी सक्रिय आढळला, आणि इटालियनचं लेखनही स्पॅनिशसारखंच सरळ आहे. म्हणून स्पॅनिशमध्ये वाचनाचा वेग मोजावाच लागतो. नाहीतर हुशार मूल 'आळशी' ठरतं, आणि हा मला उघड अन्याय वाटतो.