मोबाईलचे इंटरनेट संथ असल्यास: तक्रार, अपील आणि पोर्टिंगसाठी पात्रता, कागदपत्रे व मुदती

मोबाईलचे इंटरनेट संथ चालत असेल तर कंपनीकडे तक्रार करण्याचा आणि तिच्या उत्तराने समाधान न झाल्यास अपील करण्याचा हक्क ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीने प्रत्येक ग्राहकाला दिलेला आहे. यासाठी कोणतेही शुल्क नाही. तरीही अनेक तक्रारी पहिल्याच पायरीवर विरून जातात, कारण तक्रारीचा क्रमांक जपून ठेवलेला नसतो, सिम दुसऱ्याच कोणाच्या नावावर असते किंवा अपिलाची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. म्हणून येथे नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून अर्ज जिथे अडतात त्या जागांविषयी सविस्तर लिहिले आहे.

तक्रारीपूर्वी रोजचा डेटा संपला आहे का, डेटा सेव्हर चालू राहिला आहे का, नेटवर्कची निवड फोर-जी किंवा फाइव्ह-जीवर आहे का आणि हेच सिम दुसऱ्या फोनमध्ये कसे चालते, एवढे पाहून घ्यावे. तक्रार केंद्रावर हेच प्रश्न विचारले जातात.

त्यानंतर दोष कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिम स्टेटस या ठिकाणी सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे चिन्हासह दिसते. फोर-जीवर हा आकडा उणे ९० च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला समजावा, आणि उणे ११० च्याही खाली गेला असेल तर तो कमजोर समजावा. सिग्नल कमजोर असेल तर ती कव्हरेजची तक्रार होते. "रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही" अशी स्थिती असेल, आणि विशेषतः संध्याकाळी वेग पडून पहाटे तो सुधारत असेल, तर टॉवरवर क्षमतेपेक्षा जास्त भार असण्याची शक्यता अधिक असते. तक्रारीत हा फरक स्पष्ट लिहावा. "नेट स्लो आहे" एवढेच सांगितल्यास फोन बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला मिळतो आणि तक्रार निकाली काढली जाते. त्याऐवजी गाव किंवा वाडी, पिनकोड, घरात की घराबाहेर, कोणत्या वेळी आणि किती वेग, हे सर्व सांगावे. ट्रायच्या मायस्पीड ॲपवर सकाळी, दुपारी आणि रात्री चाचणी घेऊन तारीख व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. कोणी मागत नसले तरी पुढे हाच पुरावा कामाला येतो.

तक्रार १९८ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवावी. कंपनीचे ॲप, दुकान किंवा समाजमाध्यमावरील खाते यांच्याकडे बोलणे झाले म्हणजे तक्रार झाली असे अनेकजण धरून चालतात, आणि इथेच पुढचे सगळे बिघडते. डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळाला तरच नियमावलीच्या अर्थाने तक्रार नोंदली जाते. हा क्रमांक एसएमएसने कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. बोलणे संपण्यापूर्वी तो तोंडी विचारून कागदावर उतरवून घ्यावा आणि तक्रार किती दिवसांत सुटेल तेही विचारावे. काही दिवसांनी "आपली तक्रार सोडवली आहे" असा संदेश येतो. वेग तसाच असेल तर हा संदेश पुसू नये, कारण अपिलाची मुदत त्याच्याच तारखेवरून मोजावी लागते. अनेकजण वैतागून पुन्हा १९८ वर फोन करतात, नवा क्रमांक घेतात आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहते. माणूस पाठपुरावा करीत असतो, पण कागदोपत्री प्रत्येक तक्रार सुटलेली दिसते. ग्राहकाला दमवणारी ही पद्धत अन्यायाची आहे, आणि ती मोडायची असेल तर तिसऱ्यांदा तक्रार करण्याऐवजी अपील करावे.

अपील तक्रार निकाली निघाल्यापासून, किंवा निकालाची मुदत काहीच न होता संपली असल्यास ती संपल्यापासून, ३० दिवसांच्या आत करायचे असते. हे ३० दिवस तक्रार नोंदवल्याच्या तारखेपासून मोजायचे नसतात. तसे मोजून "आता उशीर झाला" म्हणत घरी बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि कंपनीकडून अजून उत्तर येईल या आशेवर खरी मुदत घालवलेलीही पाहिली आहेत. अपील कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ईमेलने, ऑनलाइन, टपालाने किंवा समक्ष करता येते, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा असा नियम आहे. प्राधिकाऱ्यासोबत सल्लागार समिती असते व तिच्यात ग्राहक संघटनेचाही प्रतिनिधी असतो, म्हणून अर्ज संताप व्यक्त करण्यासाठी न लिहिता तारखांच्या क्रमाने लिहावा. डॉकेट क्रमांक, आलेले संदेश, वेगाचे स्क्रीनशॉट आणि बिल किंवा रिचार्जची पावती एवढे जोडले की पुरेसे आहे. प्राधिकारी सर्कलनुसार, म्हणजे दूरसंचार सेवेच्या विभागानुसार, नेमलेले असतात. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणचा भाग मिळून एक सर्कल होते, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. दादरला घेतलेले सिम देवरुखला वापरणाऱ्याने आपले अपील कोणाकडे जाईल हे आधीच विचारून घ्यावे.

सिम कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न बहुधा अपिलाच्या वेळीच पुढे येतो. एका निवृत्त शिक्षिकेचा क्रमांक त्यांच्या दिवंगत पतीच्या नावावर होता. फोनवरची तक्रार सहज नोंदवली गेली, मात्र अपिलावर त्यांची सही आणि कंपनीच्या नोंदीतील नाव जुळेना. अशा वेळी आधी नाव बदलून घ्यावे लागते. त्यासाठी सहसा मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, स्वतःची ओळख व पत्त्याची कागदपत्रे आणि इतर वारसांचे नाहरकत पत्र मागितले जाते. यातले नाहरकत पत्र कोणाकडेच तयार नसते, त्यामुळे तेवढे काम आजच सुरू करावे.

ट्रायकडे थेट पत्रे पाठवून कित्येकजण उत्तराची वाट पाहत राहतात. ट्राय वैयक्तिक तक्रारींवर निर्णय देत नाही. अपिलानंतरही काही झाले नाही तर दूरसंचार विभागाकडे केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून जाता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक न्यायालयांत चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

कंटाळून क्रमांक तोच ठेवून कंपनीच बदलायची, म्हणजे पोर्टिंग करायचे, ठरवल्यास इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक मोकळी जागा आणि स्वतःचा दहा आकडी क्रमांक असा एसएमएस १९०० वर पाठवावा. येणारा पोर्टिंग कोड महाराष्ट्रात फक्त ४ दिवस चालतो, त्यामुळे कंपनी निवडून झाल्यावरच तो मागवावा. कोड मिळत नसेल तर कारण बहुधा यांपैकी एक असते: सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले नाहीत, पोस्टपेडचे मुदत उलटलेले बिल थकले आहे, नाव बदलण्याची प्रक्रिया अर्धवट आहे, किंवा गेल्या ७ दिवसांत सिम बदलून घेतले आहे. शेवटची अट १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि दुकानदारांपैकी अनेकांना ती माहीत नसते. रिचार्ज संपला म्हणून हा एसएमएस अडवता येत नाही, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा स्पष्ट आदेश आहे. तो दाखवून आग्रह धरावा. त्याच सर्कलमध्ये पोर्टिंगला ३ कामाचे दिवस लागतात आणि सर्कल बदलत असल्यास ५. मुंबईहून कोकणात कायमचे राहायला गेलेल्यांना हे दुसरे गणित लागू होते. प्रीपेडची उरलेली रक्कम व वैधता पुढच्या कंपनीकडे जात नाही, म्हणून वर्षभराचा मोठा रिचार्ज नुकताच केला असेल तर घाई करू नये. २०२४ च्या गुणवत्ता नियमावलीनुसार कंपन्यांनी आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवायचे आहेत. तो नकाशा पाहावाच, आणि शेजाऱ्याच्या फोनवर त्या कंपनीचे नेट रात्री आठ ते दहाच्या दरम्यान घराच्या आतल्या खोलीत कसे चालते तेही तपासावे.