बायपास शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन परिणाम

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतील अडथळा बायपासमध्ये काढत नाहीत, त्याच्या पुढे दुसरी रक्तवाहिनी जोडतात. धमन्या कठीण व अरुंद करणारा मूळ रोग तसाच राहतो. म्हणून बायपास किती वर्षे टिकेल याचा सरसकट आकडा देता येत नाही. जोडलेली प्रत्येक वाहिनी, म्हणजे ग्राफ्ट, वेगवेगळा काळ टिकते.

छातीच्या हाडामागची डावी धमनी (लिमा) हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीला, एलएडीला, जोडली तर दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊच्या आसपास ग्राफ्ट उघडे असतात. पायाच्या शिरेचे मात्र दहा वर्षांत जवळजवळ निम्मे बंद पडतात. शीर मुळात कमी दाबासाठी घडलेली असते, धमनीचा दाब तिला सोसत नाही. पहिल्या महिन्यात गुठळीने ती बंद होऊ शकते, पुढे वर्षभर आतला थर जाड होतो आणि त्यानंतर तिच्यातही चरबीचे थर साचतात. मनगटाची धमनी शिरेपेक्षा चांगली टिकते, पण मूळ अडथळा तीव्र असेल तरच. अडथळा सौम्य असला की रक्त जुन्याच वाटेने जाते आणि नवा ग्राफ्ट आक्रसून जातो.

फायदा कोणाला जास्त? मधुमेह आणि अनेक धमन्यांत अडथळे असणाऱ्यांना. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही झालेले बायपास गटात १८.७ टक्के, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) गटात २६.६ टक्के होते. पक्षाघात मात्र बायपासमध्ये अधिक झाले, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांच्या स्टिच अभ्यासात पहिल्या पाचेक वर्षांत मृत्यूंतील फरक ठळक दिसला नव्हता. दहा वर्षांनी तो स्पष्ट झाला: फक्त औषधे घेणाऱ्यांत ६६.१ टक्के मृत्यू, बायपास व औषधे दोन्ही मिळालेल्यांत ५८.९ टक्के. शस्त्रक्रियेचा धोका सुरुवातीलाच पत्करावा लागतो, लाभ नंतर मिळतो. वयोवृद्ध रुग्णाबाबत निर्णय घेताना हे विसरू नये.

‘आता ऑपरेशन झाले’ म्हणून गोळ्या सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) ग्राफ्ट उघडे ठेवण्यासाठीच असतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलचा अहवाल चांगला आला तरी स्टॅटिन आपल्या मनाने थांबवू नये. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली, बहुतेकांत ५५ च्याही खाली हवे. तंबाखू पूर्ण बंद.

काही वर्षांनंतर छातीत पुन्हा दुखले तर बहुधा दुसरा बायपास न करता मूळ धमनीत स्टेंट घालतात, कारण दुसऱ्या वेळी छाती उघडण्याचा धोका बराच जास्त असतो. अशा वेळी कोणता ग्राफ्ट कुठे जोडला आहे हे सांगणारे जुने डिस्चार्ज कार्ड लागतेच. रक्तदाब दोन्ही हातांत मोजावा. डाव्या हातात तो १५ किंवा अधिक अंकांनी कमी असेल तर लिमा जिच्यातून निघते ती डाव्या खांद्याकडची धमनी अरुंद झालेली असू शकते. मग ग्राफ्ट उघडा असूनही हृदयाला रक्त कमी पडते.