कंपास कॅलिब्रेट केला म्हणजे खरी उत्तर दिशा मिळते? नाही!

हा गैरसमज वर्षानुवर्षं फिरतोय की विमानातला मॅग्नेटिक कंपास एकदा कॅलिब्रेट केला की तो अचूक खरी उत्तर, म्हणजे भौगोलिक उत्तर ध्रुवाची दिशा, दाखवतो. असं होत नाही हो. कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे कंपास स्विंगमध्ये, विमान मोकळ्या जागी नेतात, इंजिन आणि रेडिओ चालू ठेवतात, मग साधारण ३०-३० अंशांनी फिरवत प्रत्येक दिशेचं रीडिंग घेतात आणि कंपासमधले छोटे मॅग्नेट अ‍ॅडजस्ट करतात, कारण विमानातलं लोखंड आणि वायरिंगच सुईला ओढत असतं. ही ओढ म्हणजे डेव्हिएशन, आणि ती कमी होते, पूर्ण जात नाही, उरलेली चूक कंपासजवळच्या कार्डवर लिहून ठेवतात, ते कार्ड खरंच वाचत जा.

खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर (पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे सुई दाखवते ती) यांतला फरक वेगळाच, तो जागेनुसार बदलतो, चार्टवरून, म्हणजे हवाई नकाशावरून, घ्यावा लागतो, कुठल्याही स्विंगने तो जाणार नाही. शिवाय वळताना, वेग बदलताना कंपास चुकतोच, म्हणून हेडिंग इंडिकेटर (विमानातलं दिशा दाखवणारं दुसरं यंत्र) कंपासशी सरळ आणि समतल उड्डाणातच जुळवायचा.

आणि अल्टिमीटरचं, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राचं, दाबाचं युनिट बदललं की कॅलिब्रेशन बिघडतं हेही खोटं, १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि २९.९२ इंच पारा हा एकच दाब आहे.