विजय हजारे

हजारे, विजय सॅम्युअल (११ मार्च १९१५ – १८ डिसेंबर २००४) : भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार आणि बडोदा संघाचे आधारस्तंभ. जन्म सांगलीचा, घराणे मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती. वडील शिक्षक, भावंडे आठ. ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना तरुणपणी लाभले. दोन्ही पॅडच्या मधे बॅट धरून उभे राहण्याची हजाऱ्यांची ढब पुस्तकी नव्हती, पण ग्रिमेटनी ती बदलू दिली नाही. महाराष्ट्राकडून खेळताना १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीत त्रिशतक काढणारे ते पहिले भारतीय. पुढे ते बडोदा संस्थानच्या नोकरीत आले आणि कायमचे बडोद्याचे झाले.

मुंबईच्या पंचरंगी, म्हणजे पाच संघांच्या, सामन्यांत संघ धर्मावरून पडत. ख्रिस्ती असल्याने हजारे ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्या धर्मांच्या संघात. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला आणि रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. फॉलोऑननंतरच्या, म्हणजे पिछाडीमुळे लगेच पुन्हा खेळाव्या लागलेल्या डावातल्या, ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटे बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. एवढा वेळ दुसरे टोक अडवून धरणाऱ्या विवेकरावांचे श्रेय कमी मानू नये. सामना मात्र डावाने गेला.

जानेवारी १९४८ मधील अ‍ॅडलेड कसोटीची कथाही अशीच. ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यापुढे हजाऱ्यांनी ११६ आणि १४५ धावा काढल्या. एका कसोटीत दोन शतके करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात सहा जण शून्यावर बाद झाले आणि भारत डावाने हरला. त्याच सामन्यात २०१ वर खेळणाऱ्या ब्रॅडमनचा त्रिफळा हजाऱ्यांनीच उडवला होता. त्यांचे खरे मोठेपण पडत्या डावातल्या या उभे राहण्यात आहे. विक्रमांच्या यादीतून ते पुरते कळत नाही.

बडोद्यासाठी मात्र त्यांच्या धावा विजयाच्या ठरल्या. निंबाळकर, अधिकारी, घोरपडे, गायकवाड अशा मराठी नावांनी तेव्हाचा बडोदा संघ भरलेला असे. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यातच इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध ३ बाद ९१ वरून हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी ५७७ धावा जोडल्या. ही भागी २००६ पर्यंत प्रथम श्रेणीतील कोणत्याही गड्यासाठी जागतिक उच्चांक होती. १९५७-५८ मध्ये, चाळिशी उलटल्यावरही, सेनादलाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २०३ धावा केल्या आणि करंडक पुन्हा बडोद्याला आला.

ते ३० कसोटी खेळले: २,१९२ धावा, ७ शतके. त्यांपैकी १४ कसोटींत ते कर्णधार होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडवर मिळवलेला डावाचा विजय हाच भारताचा पहिला कसोटी विजय आणि कर्णधार म्हणून त्यांचा एकमेव. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, ६० शतके आणि मध्यमगती गोलंदाजीवर ५९५ बळी. १९६० मध्ये त्यांना आणि जसू पटेल यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे हे पहिले क्रिकेटपटू. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकाला त्यांचे नाव आहे. पुत्र रणजित हेही बडोद्याकडून खेळले. हजाऱ्यांचे निधन बडोद्यातच झाले.