छोट्या रेडिओतला खर्ज

सकाळी रेडिओ लावावा आणि आधी आयर्लंडची फिडल, मग स्कॉटलंडचे बॅगपाइप्स, त्यांना लागून सायबेरियाच्या दक्षिण टोकाचा एखादा गळा आणि शेवटी बल्गेरियातली नाचाची धून, असा मेळ कानावर पडावा, हे मला फार आवडतं. अशा कार्यक्रमात निवेदक कमी बोलतो. गाणी एकमेकांना खेटून येतात आणि एक देश संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर कान आपोआप टवकारले जातात. त्या तासाभरात कानात आणि मेंदूत पुष्कळ काही चाललेलं असतं. त्यातली एक गोष्ट मला आजही थक्क करते. पाइप्सचा जो भरदार खर्ज आपण ऐकतो, तो तळहाताएवढ्या रेडिओतून जवळजवळ बाहेर पडतच नाही.

हे कसं, ते कळायला आधी वाद्याची रचना पाहावी लागेल. स्कॉटलंडच्या हायलँड पाइप्समध्ये वादकाच्या काखेत हवेची पिशवी असते आणि तिच्यावर चार नळ्या वाजतात. त्यातली एक चँटर. तिच्यावरची भोकं बोटांनी झाकत-उघडत धून वाजवायची. बाकीच्या तीन नळ्या खांद्यावर रेलून उभ्या असतात. त्यांना ड्रोन म्हणतात, आणि त्यांचं काम एकच: सुरुवातीपासून शेवटपर्यंत आधारस्वर धरून ठेवणं. दोन लहान ड्रोन चँटरच्या षड्जाच्या एक सप्तक खाली वाजतात, मोठा ड्रोन दोन सप्तकं खाली. आजच्या पाइप्समध्ये हा षड्ज साधारण 470 ते 480 हर्ट्झच्या आसपास लावतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून 480 धरू. म्हणजे लहान ड्रोन 240 हर्ट्झवर आणि मोठा ड्रोन 120 हर्ट्झवर.

वादक नळीने पिशवीत हवा फुंकतो आणि श्वास घेताना कोपराने पिशवी दाबतो. त्यामुळे रीडपर्यंत, म्हणजे नळीतल्या थरथरणाऱ्या पातीपर्यंत, पोहोचणाऱ्या हवेचा दाब एकसारखा राहतो आणि सूर कधीच तुटत नाही. याची किंमतही मोजावी लागते. या वाद्यात थांबणं नाही आणि आवाज हळू किंवा मोठा करणंही नाही. मग एकच सूर लागोपाठ दोनदा वाजवायचा असेल तर? मध्ये शांतता टाकता येत नाही, म्हणून वादक दुसऱ्याच एका सुराचा निसटता ठिणगीसारखा स्पर्श देतो आणि मूळ सुरावर परततो. पाइप्सच्या वादनातली ती झरझर नक्षी आपण सौंदर्य म्हणून ऐकतो. तिची सुरुवात मात्र हवेच्या या अडचणीतून झाली आहे, आणि अडचणीतून इतकी देखणी गोष्ट निघाली म्हणूनच मला ती जास्त भावते. आयर्लंडच्या इलन पाइप्सनी वेगळी वाट काढली. तिथे तोंडाने फुंकायचं नाही, कोपराखाली भाता असतो, त्यामुळे रीडला कोरडी हवा मिळते. वादक बसून वाजवतो आणि चँटरचं टोक मांडीवर दाबून धरलं की धून खरोखर थांबते. आवाजही मऊ असतो. 2017 मध्ये युनेस्कोने या वादनपरंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आता रेडिओकडे वळू. एफएम प्रसारणात साधारण 15 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, आणि खालच्या बाजूचे 120 हर्ट्झ स्टेशनातून व्यवस्थित निघालेले असतात. ते हरवतात ते आपल्याजवळच्या स्पीकरपाशी. 120 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास 2.9 मीटर असते. एवढी लांब लहर जोरात उठवायची तर भरपूर हवा हलवावी लागते, आणि लहान स्पीकरच्या पडद्याला ते झेपत नाही. म्हणून अशा रेडिओतून 120 हर्ट्झचा सूर अगदीच क्षीण निघतो. तरीही मोठा ड्रोन ऐकू येतो, आणि तो त्याच्या खऱ्या उंचीवरच ऐकू येतो.

याचं कारण ड्रोनच्या सुरातच दडलेलं आहे. नळीतून कधी एकटा 120 हर्ट्झचा सूर निघत नाही. त्याच्या पटीतले 240, 360, 480, 600 असे उपस्वर त्याच्याबरोबरच येतात आणि त्यातले वरचे उपस्वर लहान स्पीकरही छान वाजवतो. त्या सगळ्यांमध्ये 120 चं अंतर आहे. मेंदू ही शिडी पाहतो, तिच्या पायऱ्या कोणत्या मापाने बसवल्या आहेत हे ओळखतो, आणि गायब असलेली सगळ्यात खालची पायरी स्वतः भरून काढतो.

हा शोध सहजासहजी मान्य झाला नाही. 1841 मध्ये ऑगस्ट झीबेक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने भोकं पाडलेली चकती फिरवून तिच्यावर हवेचा झोत सोडला आणि सायरनसारखा आवाज काढला. मूळ वारंवारता फार दुबळी असली तरी कानाला तोच सूर ठळक ऐकू येतो, असं त्याच्या ध्यानात आलं. विजेच्या रोधाच्या नियमासाठी आपण ज्याला ओळखतो त्या गेऑर्ग ओमला हे पटेना. जी वारंवारता आवाजात आहे तीच कानाला कळणार, असं त्याचं म्हणणं, आणि पुढे हेल्महोल्ट्झसारखा दिग्गज ओमच्या बाजूने उभा राहिला. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1940 च्या सुमारास, नेदरलँड्समधल्या यान स्काउटनने मूळ वारंवारता पूर्णपणे काढून टाकलेले आवाज ऐकवले. सूर तरीही तोच राहिला. मग शंका आली की कानाच्या आतल्या यंत्रणेतच कुठेतरी हा खालचा सूर खरोखर तयार होत असेल. 1954 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिकलायडरने त्यावर सुंदर तोडगा काढला. खरा खालचा सूर ज्यात बुडून जाईल असा खालच्या पट्टीतला गोंगाट त्याने सोबत वाजवला. गायब असलेला सूर त्यात बुडाला नाही, कारण तो त्या पट्टीत नव्हताच. झीबेकचं निरीक्षण खरं ठरलं.

टेलिफोनवर हे रोज घडतं. जुन्या फोनवरून 300 हर्ट्झच्या खालचा आवाज येतच नाही, आणि पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता बहुधा 100 ते 150 हर्ट्झच्या दरम्यान असते. तरी फोनवर वडिलांचा आवाज कधी चिरका वाटत नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तान्ह्या बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा गायब सूर जुळवून घेण्याची ही क्षमता चार महिन्यांच्या बाळांत दिसली, त्याहून लहान बाळांत दिसली नाही.

पाइप्स संपले आणि पुढचं गाणं तुवाचं लागलं, की कान नेमकं उलट काम करतो. तुवा हे दक्षिण सायबेरियातलं, रशियातलं प्रजासत्ताक. तिथल्या गायकाच्या गळ्यातून खाली घोगरा, स्थिर आधारस्वर निघतो आणि त्याच्या डोक्यावर शीळ घातल्यासारखी धून फिरते. गायक एकच असतो, गळाही एकच. ती शीळ म्हणजे आधारस्वराचाच आठवा, नववा, दहावा किंवा बारावा उपस्वर. एरवी आपण सगळे उपस्वर एकत्र बांधून त्यांचा एक आवाज ऐकतो. इथे गायक त्यातला एकच इतका वर उचलतो की मेंदू त्याला गर्दीतून वेगळा काढतो आणि दुसरं वाद्य समजतो.

हे कसं साधतं त्याचं उत्तर 2020 मध्ये तुवाच्या गायकांवरच्या एका अभ्यासातून मिळालं. तोंड आणि घसा मिळून काही ठरावीक वारंवारता वाढवतात, आणि स्वर बोलताना आपण जिभेने याच जागा बदलत असतो. तुवाचा गायक त्यातल्या दोन शेजारच्या जागा जीभ आणि घसा आवळून एकमेकींवर आणतो. दोन बोथट टेकड्यांचा मिळून एक टोकदार सुळका तयार होतो, 1 ते 2 किलोहर्ट्झच्या दरम्यान. मग त्या सुळक्याखाली हवा तो उपस्वर सरकवायचा. सातवा आणि अकरावा उपस्वर मात्र हे गायक सहसा टाळतात. त्यांना पाच स्वरांची चौकट हवी असते आणि हे दोन तिच्यात बसत नाहीत. निसर्ग उपस्वरांची रांग लावून देतो, त्यातलं काय निवडायचं ते माणसं ठरवतात.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा डिजरिडू याच घराण्यातला. वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या फांदीतून आधारस्वर निघतो आणि वादक तोंडाच्या पोकळीचा आकार बदलत त्या एकाच सुरात अनेक रंग भरतो. तानपुऱ्याचं तर वैज्ञानिकांना जुनं आकर्षण आहे. तार जिथे छेडतो तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते ऐकू यायला नकोत, असा नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं की तानपुऱ्यात तेही उपस्वर ठणठणीत हजर असतात. याचं श्रेय घोडीच्या गोलसर माथ्याला आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याला जातं. जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंज, लागते ती इथेच.

आधारस्वर असला की धुनीवर एक कडक नजर बसते. दोन लहान ड्रोनपैकी एक 240 वर आणि दुसरा 241 वर असेल, तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. वादक सुरुवातीला नळ्यांचे सांधे वर-खाली सरकवत बसतो, तो हा हेलकावा शून्यावर आणण्यासाठी. चँटरचं गणितही असंच. 480 च्या षड्जावर शुद्ध गंधार 5:4 या प्रमाणात, म्हणजे 600 वर येतो आणि मोठ्या ड्रोनच्या पाचव्या उपस्वराला तंतोतंत भिडतो. पंचम 720 वर, सहाव्या उपस्वरावर. पियानोच्या पट्टीतला गंधार मात्र जवळपास 605 वर पडतो. तो ड्रोनसोबत वाजला तर सेकंदाला पाचेक हेलकावे येतील. पियानोला सरावलेल्या कानाला पाइप्स किंचित उतरलेले वाटतात ते यामुळे. माझ्या मते इथे पाइप्सच सुरात आहेत.

पण असं जुळलेलं ऐकून होणारा आनंद उपजत असतो का? बरेच दिवस सगळ्यांना तसंच वाटायचं. 2016 मध्ये जॉश मॅकडर्मॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना पाश्चात्त्य कानाला गोड वाटणारे आणि बोचणारे, असे दोन्ही प्रकारचे स्वरमेळ ऐकवले. त्यांना दोन्ही सारखेच आवडले. त्यांच्या संगीतात वेगवेगळे सूर एकत्र जुळवून गाण्याची रीत नाही. विस्पंदांनी खरखरीत झालेला आवाज मात्र त्यांनाही नकोसा वाटला. म्हणजे खरखर टाळण्याची ओढ बरीच खोलवरची दिसते, आणि मेळाची गोडी ऐकून ऐकून लागते.

तालाची कथा याहून रंजक आहे. सकाळच्या मेळात बल्गेरियाची धून लागली की पाय अडखळतो, कारण तिथल्या कित्येक नाचांत मात्रा सारख्या नसतात. सातची मोजणी 2-2-3 अशी, तर अकराची 2-2-3-2-2 अशी. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी 2005 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या लोकांना अशा धुना ऐकवल्या आणि मधेच ताल मोडला. प्रौढांना तो मोडल्याचं कळलं नाही. बल्गेरिया आणि मॅसिडोनियातून आलेल्या प्रौढांना कळलं. उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांनाही कळलं! बारा महिन्यांच्या बाळांना मात्र कळेनासं झालेलं होतं. वर्षभरात कानाने घरातला ताल पक्का केला आणि बाकीच्या तालांची दारं लोटून घेतली. मग काही बाळांना घरी दोन आठवडे बाल्कन धुना ऐकवल्या, तर बारा महिन्यांची बाळं पुन्हा चूक पकडू लागली. तेवढ्याच ऐकण्याने प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. लोटलेलं दार मोठेपणी उघडायला जास्त जोर लागतो.

सकाळच्या वेळेचंही स्वतःचं गणित आहे. 51 देशांतल्या दहा लाख लोकांनी 76 कोटींहून अधिक वेळा ऐकलेल्या गाण्यांची नोंद 2019 मध्ये तपासली गेली, तेव्हा दिसलं की रात्री उशिरा माणसं शांत संगीताकडे वळतात आणि दिवसाच्या कामाच्या वेळेत जास्त जोमदार संगीताकडे. सकाळ या दोहोंच्या मधली. जाग आल्यावर काही वेळ मेंदू पूर्ण शुद्धीवर नसतो. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका छोट्या पाहणीत, सुरेल आवाजाने उठणाऱ्यांनी आपल्याला ही गुंगी कमी जाणवते असं सांगितलं. म्हणूनच तासाची सुरुवात इलन पाइप्सच्या संथ धुनीने करून रील आणि जिग या नाचाच्या जलद धुना मागून आणणारा निवेदक मला योग्य वाटतो. मोजून-मापून सात आणि अकरा मात्रांची गाणी त्याने शेवटी ठेवावीत, तोवर ऐकणारा पुरता जागा झालेला असतो.

पुढच्या वेळी पाइप्स लागले तर एक करून पाहा. छोट्या रेडिओवर सगळ्यात खालचा सूर शोधा आणि तो गुणगुणा. मग तीच धून मोठ्या स्पीकरवर लावा. तोंडातला सूर बदलावा लागणार नाही. मोठ्या स्पीकरसमोर तळहात धरलात तर मात्र तो आता त्वचेलाही जाणवेल.